दोन साडेसात्या आणि चौदा भाग लोखंड

29 मार्च 2025 ला शनिवार होता, अमावस्या होती, आणि पंचांगाप्रमाणे शनीने कुंभ सोडून मीन राशीत प्रवेश केला तोही त्याच दिवशी. शनिअमावस्येला एरवीच शिंगणापुरात पाय ठेवायला जागा नसते, त्यात हा राशिबदल. मकरवाल्यांची साडेसाती सुटली, मेषवाल्यांची सुरू झाली. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा होता. त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी, 4 एप्रिलला, चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने एक घोषणा केली: समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम आणि इट्रियम ही सात मूलद्रव्ये, त्यांची संयुगे आणि त्यांच्यापासून बनलेली चुंबके यापुढे परवान्याशिवाय देशाबाहेर जाणार नाहीत. रोख अमेरिकेच्या आयातशुल्कावर होता. फटका पार आकुर्डीपर्यंत बसला.

शिंगणापूर कुठे आहे हे नकाशावर नीट पाहिलं, तर या दोन बातम्या एकाच लेखात का आल्या ते कळतं. अहिल्यानगरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या महामार्गावर घोडेगाव लागतं, तिथून आत वळलं की शनीचं गाव. या रस्त्याच्या एका टोकाला सुपे, रांजणगाव, चाकण, आकुर्डी. दुसऱ्या टोकाला वाळूज, शेंद्रा, बिडकीन. देशातल्या दुचाकी, तीनचाकी आणि मोटारींचा मोठा हिस्सा या पट्ट्यात जन्माला येतो. चेतकची इलेक्ट्रिक स्कूटर आकुर्डीत बनते, टाटांची नेक्सॉन रांजणगावात, महिंद्राच्या नव्या इलेक्ट्रिक गाड्या चाकणला. एथरने आपला पुढचा कारखाना संभाजीनगरच्या ऑरिकमध्ये काढायचं 2024 मध्ये जाहीर केलं. घेतलेली नवी गाडी शनीला दाखवून आणायची रीत या भागात जुनी आहे. शनिवारी वाहनतळावर उभं राहिलं की इलेक्ट्रिक स्कूटरच्या हँडलला लिंबू-मिरची, पुढच्या मडगार्डवर हळदीकुंकवाची बोटं आणि कुठेतरी तारेने बांधलेली घोड्याची नाल दिसतेच. नाल लोखंडाची, कारण लोखंड हा शनीचा धातू.

त्या स्कूटरच्या पोटात आणखी थोडं लोखंड आहे, ते मात्र वेगळ्या जातीचं.

मोटरचं आवरण उघडलं की दोन भाग दिसतात. बाहेरच्या स्थिर भागावर तांब्याच्या तारांची गच्च वेटोळी. आत फिरणारा दंडगोल, आणि त्याच्या पोलादी पत्र्यांच्या खाचांत बसवलेले चपटे, करड्या चकाकीचे तुकडे. हीच ती चुंबकं. हातात घेतली तर वजनदार लागतात आणि ठिसूळ असतात. दोन तुकडे एकमेकांजवळ नेले तर असे झडप घालतात की मधे बोट सापडलं तर रक्तच निघावं. लहानपणी बिघडलेल्या रेडिओचा स्पीकर फोडून आपण जो काळा, जाडजूड लोहचुंबक काढायचो त्याच्या कितीतरी पट ताकद या एवढ्याशा तुकड्यात असते. रासायनिक सूत्र पाहिलं तर निओडिमियमचे दोन अणू, बोरॉनचा एक आणि लोखंडाचे चौदा. वजनाने पाहिलं तरी सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच. निओडिमियम पाव हिश्शापेक्षा थोडं जास्त. पण ते काढून घेतलं तर उरलेल्या लोखंडात ही ओढ राहत नाही. निओडिमियमचीही एक खोड आहे: तापलं की त्याचा जोर उतरतो. आपल्याकडच्या मे महिन्यात, घाट चढताना, मोटरच्या आतलं तापमान चटकन शंभरीपार जातं. तिथे चुंबक टिकावं म्हणून त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम किंवा टर्बियम घालतात. चीनने रोखलेल्या सातांमध्ये ही दोन्ही नावं होती. साधं निओडिमियम यादीत नव्हतंच. पण चिमूट अडली की सगळं चुंबक अडतं.

मे 2025 च्या अखेरीस बजाज ऑटोचे कार्यकारी संचालक राकेश शर्मा यांनी इशारा दिला की पुरवठा सुरळीत झाला नाही तर जुलैपासून उत्पादनाला मोठा फटका बसेल. जुलैत कंपनीचं इलेक्ट्रिक वाहनांचं उत्पादन निम्म्यावर आलं. ऑगस्टमध्ये ते शून्यावर जाऊ शकतं, असं राजीव बजाज यांनीच जाहीरपणे सांगितलं. ऐन सणासुदीच्या तोंडावर चेतक थांबली. 20 ऑगस्टच्या सुमारास थोडा माल हाती आल्यावर ती पुन्हा सुरू झाली, तोवर गणपती आठवड्यावर आले होते. क्रिसिलने जून 2025 मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे भारताने त्याआधीच्या आर्थिक वर्षात अशी सुमारे 540 टन चुंबकं आयात केली होती, त्यातली ऐंशी टक्क्यांहून जास्त चीनमधून. 540 टन म्हणजे काही फार नव्हे. वीस-पंचवीस मोठे कंटेनर. गाडीच्या किमतीत चुंबकाचा वाटा पाच टक्क्यांहून कमी. एवढ्याशा मालापायी कारखान्याची साखळी थांबली.

परवाना मिळवायची रीतही पाहण्यासारखी होती. हे चुंबक लष्करी कामाला वापरणार नाही, असं आयात करणाऱ्या भारतीय कंपनीने लिहून द्यायचं. त्यावर आपल्या सरकारची मोहोर घ्यायची. मग दिल्लीतल्या चिनी वकिलातीचा शिक्का. मग ते कागद चीनमधल्या पुरवठादाराकडे. त्याने आपल्या प्रांतात आणि पुढे बीजिंगला अर्ज करायचा. अनेक कंपन्यांचे कागद आठवडेच्या आठवडे कुठल्या तरी टेबलावर पडून राहिले. नकारही नाही आणि होकारही नाही. सरकारी कचेरीत सात-बारा काढायला गेलेल्या माणसाला ही अवस्था समजावून सांगावी लागत नाही.

शिंगणापूरच्या घरांना दारं नसतात हे सगळ्या देशाला माहीत आहे. युको बँकेने 2011 मध्ये तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली त्याची बातमी परदेशी वर्तमानपत्रांतही छापून आली. वाहन उद्योगाने गेली कित्येक वर्षं चुंबकांची खरेदी याच शिंगणापुरी पद्धतीने केली. साठा करायचा नाही, दुसरा पुरवठादार शोधायचा नाही, घरात काही कुलूपबंद ठेवायचं नाही. शिंगणापूरकरांचा भरवसा निदान शनीच्या धाकावर तरी आहे. इथे धाक कुणाचा होता?

आता थोडं मागे जाऊ. ती सात आणि निओडिमियम ज्या गटात येतात ती ‘रेअर अर्थ’ नावाची सतरा मूलद्रव्ये पृथ्वीच्या पोटात दुर्मीळ वगैरे नाहीत; सिरियम तर जवळजवळ तांब्याइतकं सापडतं. अडचण अशी की ती कुठेही गोळा होऊन बसत नाहीत, आणि बसलीच तर सगळी एकत्र. त्यांचे रासायनिक गुण इतके सारखे की एकापासून दुसरं वेगळं करायला आम्लं आणि सेंद्रिय द्रावकं भरलेल्या शेकडो टाक्यांमधून तोच द्राव पुनःपुन्हा फिरवावा लागतो. खाण खणणं त्यामानाने सोपं. 2024 साली जगात निघालेल्या सुमारे 3,90,000 टनांपैकी 2,70,000 टन चीनने काढले, म्हणजे सत्तर टक्क्यांच्या आत-बाहेर. शुद्धीकरणात मात्र चीनचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर जातो आणि चुंबकांत आणखी वर. खाणीपासून जितकं पुढे जावं तितकी चीनची पकड घट्ट होते. बातम्यांमध्ये मात्र खाणी आणि साठेच गाजतात.

ही पकड कुणी हिसकावून घेतलेली नाही. निओडिमियमचं चुंबक 1980 च्या दशकात जपानमध्ये सुमितोमोच्या मासातो सागावांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या शास्त्रज्ञांनी साधारण एकाच वेळी शोधलं. जनरल मोटर्सने त्यासाठी मॅग्नेक्वेंच नावाची कंपनी काढली, आणि 1995 मध्ये ती चिनी भागीदारी असलेल्या गटाला विकून टाकली. पुढे काही वर्षांत तिची यंत्रं चीनला गेली. कॅलिफोर्नियाची माउंटन पास खाण एके काळी जगाला पुरवठा करत होती. सांडपाण्याची गळती आणि चीनचे पडते भाव यांपुढे 2002 मध्ये तिचं काम थांबलं. घाण दुसऱ्याच्या अंगणात आणि माल स्वस्तात, हा सौदा सगळ्यांनाच पटला होता. त्यात आपणही आलो.

पहिली थप्पड 2010 मध्ये बसली, जपानला. सप्टेंबरमध्ये सेनकाकू बेटांजवळ एक चिनी मासेमारी नौका जपानी तटरक्षक बोटींना धडकली, जपानने तिच्या कप्तानाला अटक केली, आणि पाठोपाठ चीनकडून जपानला जाणारा रेअर अर्थचा पुरवठा आटला. 2011 मध्ये भाव कित्येक पटींनी भडकले. जागतिक व्यापार संघटनेकडे खटला गेला, 2014 मध्ये निकाल चीनच्या विरोधात लागला, कोटा उठला, भाव कोसळले आणि सगळे निवांत झाले. जपान झाला नाही. त्याने 2011 मध्येच ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत 25 कोटी डॉलर घातले, कमी डिस्प्रोसियमची चुंबकं शोधली, साठे केले आणि चीनवरचं अवलंबन नव्वद टक्क्यांवरून साठच्या आसपास आणलं.

2010 ते 2025 म्हणजे पंधरा वर्षं. दोन साडेसात्या. ज्योतिषी म्हणतील की लागोपाठ दोन येत नाहीत, मधे बावीस वर्षं तरी जावी लागतात. मान्य. पण साडेसातीबद्दल आपल्याकडची जाणती माणसं आणखी एक सांगतात, की शनी छळत नाही, तो हिशेब पाहतो. जपानचा हिशेब चोख होता. आपला?

आपल्याकडे माल नाही असं नाही. केरळ, तमिळनाडू, ओडिशा आणि आंध्रच्या किनाऱ्यांवरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं पिवळसर-तपकिरी खनिज आहे. अणुऊर्जा विभागाच्या आकड्यांप्रमाणे देशात ते एक कोटी तीस लाख टनांच्या घरात, आणि त्यात रेअर अर्थची ऑक्साइडं बहात्तर लाख टन. अमेरिकी भूगर्भ खात्याच्या यादीत आपला साठा चीन आणि ब्राझीलनंतर तिसरा. महाराष्ट्राचा वाटा किती? विभागाच्या जुन्या यादीत 0.004 दशलक्ष टन, म्हणजे चार हजार टन मोनाझाइट. बहुतेक राज्यांचे आकडे लाखांत असताना आपलं नाव जेमतेम लिहिण्यापुरतं.

याचं कारण आपल्या पायाखालीच आहे. शिंगणापूरच्या आजूबाजूची काळी, कपाशी-उसाची जमीन ज्या बेसॉल्टपासून झाली, त्यात मोनाझाइट जन्मतच नाही. ते येतं ग्रॅनाइट आणि नाइससारख्या जुन्या खडकांतून. सह्याद्रीवरून कोकणात उतरणाऱ्या नद्या बेसॉल्ट घासून नेतात, म्हणून रत्नागिरीच्या किनाऱ्यावर, केशवसुतांच्या मालगुंडापासून काळबादेवीपर्यंत, काळी रेती साचते. चुंबक फिरवलं तर तिचे कण उड्या मारून चिकटतात. त्यात टायटॅनियमचं इल्मेनाइट आणि लोखंडाचं मॅग्नेटाइट भरपूर. मोनाझाइट जवळपास नाही.

मात्र ज्या लाव्हाने हे पठार घडवलं, त्याच काळातल्या हालचालींनी नर्मदेपलीकडे एक वेगळंच बाळ जन्माला घातलं. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यात, आपल्या नंदुरबारपासून फार दूर नाही, अंबा डुंगर नावाचा, कार्बोनेटाइट या रेअर अर्थ बाळगणाऱ्या खडकाचा डोंगर आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले भूशास्त्रज्ञ सुखेस्वाला आणि अणुखनिज विभागाचे उदास यांनी 1963 मध्ये त्यावर टिपण लिहिलं आणि त्याच्या आर्थिक शक्यतांकडे बोट दाखवलं. पुढे गुजरात सरकारच्या खनिज महामंडळाने तिथून फ्लोरस्पार काढलं. रेअर अर्थचं काम साठ वर्षांनी ऐरणीवर आलं. अंबा डुंगर आणि राजस्थानातलं सिवाना मिळून खडकातला साठा सुमारे तेरा लाख टन ऑक्साइडांचा मानला जातो.

मराठी घराचा मोनाझाइटशी संबंध आला तो वेगळ्याच वाटेने. पूर्वी लग्नाच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घेऊन चालणारी माणसं असत. त्या बत्तीची पांढरी जाळी मोनाझाइटमधून निघणाऱ्या थोरियमच्या ऑक्साइडची, त्यात शेकडा एक भाग सिरियम. 1909 मध्ये शोंबर्ग नावाच्या जर्मन माणसाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट दिसलं, आणि केरळच्या किनाऱ्याची वाळू युरोपात जाऊन, जाळी होऊन, आपल्या वराती उजळायला परत येऊ लागली. कच्चा माल जायचा, पक्का यायचा. तेव्हापासून या व्यापाराची दिशा फारशी बदललेली नाही.

स्वातंत्र्यानंतर ती बदलायचा प्रयत्न झाला, आणि तो लवकर झाला हे कबूल करायला हवं. 1950 मध्ये इंडियन रेअर अर्थ्स स्थापन झाली. 1952 च्या डिसेंबरात नेहरूंनी आलुव्याच्या कारखान्याचं उद्घाटन केलं. चीन तेव्हा या खेळात नव्हताही. पण होमी भाभांचं लक्ष मोनाझाइटमधल्या थोरियमवर होतं, अणुभट्टीच्या भविष्यासाठी. रेअर अर्थ हा जोडमाल. कायद्यानेही मोनाझाइट अणुऊर्जा विभागाच्या ताब्यात राहिलं. सरकारी शिस्तीत थोरियम सुखरूप साठलं, पण चुंबक करणारा कारखाना काही उभा राहिला नाही. कंपनीचं नाव आता आयआरईएल आहे आणि तिचं मुख्यालय मुंबईत, प्रभादेवीला, सिद्धिविनायकाच्या जवळ. मंगळवारी त्या रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असेल की देशातल्या रेअर अर्थचा कारभार या रस्त्यावरून चालतो?

घोडं पेंड खातं ते इथे. ऑक्साइडपासून धातू, धातूपासून मिश्रधातू, त्याची मायक्रॉनमध्ये मोजावी इतकी बारीक भुकटी, चुंबकीय क्षेत्रात दाबून हजार अंशांवर भाजलेला ठोकळा, मग तो कापून, निकेलचा मुलामा चढवून केलेला तुकडा: ऑक्साइडाच्या पुढचा हा सगळा प्रवास व्यापारी प्रमाणात आपल्याकडे नव्हता. म्हणून 2012 च्या करारानुसार आपलं निओडिमियम जपानला जायचं. 2024 मध्ये टोयोटा त्सुशोच्या विशाखापट्टणमच्या कंपनीमार्फत हजारावर टन माल जपानला गेला, आणि आपण चुंबकं चीनकडून घेत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. जून 2025 मध्ये सरकारने ही निर्यात थांबवायला सांगितल्याची बातमी आली. माल घरात ठेवून करायचं काय, हा प्रश्न उरला. कारण देशात तो विकत घेणारं कुणी नव्हतं. विशाखापट्टणमला 2023 मध्ये सुरू झालेला सरकारी चुंबक कारखाना समेरियम-कोबाल्टचा, वर्षाला तीन टनांचा, संरक्षण आणि अवकाश खात्यांपुरता. त्यामागचं तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्र आणि हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेचं. म्हणजे तुर्भ्यात विद्या होती, चाकणला गरज होती, आणि मधला रस्ता कुणी बांधला नाही. शिवाय आपल्या मोनाझाइटमध्ये डिस्प्रोसियम-टर्बियम नावालाच. ती चिमूट आपल्यालाही बाहेरूनच आणावी लागणार.

ती चिमूट येते कुठून? बरीचशी म्यानमारच्या काचिन भागातून. डोंगराला भोकं पाडून अमोनियम सल्फेट ओतायचं, खालून निघणारा द्राव प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यांत साठवायचा, आणि डोंगर पोखरून झाला की पुढचा घ्यायचा. ऑक्टोबर 2024 मध्ये काचिन बंडखोरांनी पांगवाचा खाणपट्टा घेतला तेव्हा जगभर टर्बियमच्या दलालांचे कान टवकारले. मलेशियात बुकित मेराच्या लोकांनी 1980 च्या दशकात रेअर अर्थ कारखान्याच्या किरणोत्सारी कचऱ्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढली. आपल्या आलुव्याजवळच्या एलूर पट्ट्यातही पेरियार नदीच्या प्रदूषणाचा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे, त्यात अनेक कारखाने आहेत. लोटे-परशुराम किंवा तारापूरच्या खाडीकाठच्या कोळ्यांना कुणी ‘महत्त्वाची खनिजे’ म्हणून शुद्धीकरणाचा कारखाना देऊ केला, तर ते आधी सांडपाण्याची नळी कुठे जाणार ते विचारतील, आणि त्यांनी विचारावंच. महाराष्ट्राने मिश्रधातू आणि चुंबक करण्याचा हट्ट धरावा, त्यासाठी लागणारे कारागीर आणि गिऱ्हाईक दोन्ही पुणे-संभाजीनगर पट्ट्यात आहेत. टाक्यांची घाण दुसऱ्या राज्यात राहील याचा मात्र आनंद मानू नये. ती कुठे तरी राहणारच आहे.

दुसरी वाट रेअर अर्थशिवाय मोटर करण्याची. जुन्या, गिअरपेटीच्या पवनचक्क्यांना अशी चुंबकं लागतच नाहीत. थेट फिरणाऱ्या नव्या, मोठ्या पवनचक्कीत ती मेगावॉटमागे शेकडो किलो लागतात. स्पीकरमधलं ते काळं फेराइट पुन्हा चर्चेत आलं आहे. ते बनतं लोखंडाच्या ऑक्साइडपासून, सोप्या भाषेत गंजापासून. ओलाच्या फेराइट मोटरला ऑक्टोबर 2025 मध्ये सरकारी प्रमाणपत्र मिळालं. तेवढ्याच ताकदीसाठी मोटरची रचना बदलावी लागते, वजन वाढतं. पण शहरात सामान आणायला जाणाऱ्या स्कूटरला हे चालू शकतं.

सरकारने 26 नोव्हेंबर 2025 ला 7,280 कोटी रुपयांची योजना मंजूर केली: पाचपर्यंत कंपन्या, मिळून वर्षाला 6,000 टन निओडिमियम चुंबकं. मुदत सात वर्षांची. पहिली दोन उभारणीला, पुढची पाच विक्रीवर अनुदानाची. साडेसातीला सहा महिने कमी. पैसा देणं हा त्यातला सोपा भाग आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै 2025 मध्ये माउंटन पासच्या मालक कंपनीत 40 कोटी डॉलर घातले आणि सोबत दहा वर्षांसाठी किलोमागे 110 डॉलरचा किमान भाव बांधून दिला, तेव्हाच्या बाजारभावाच्या जवळपास दुप्पट. कारण 2014 नंतर काय झालं ते त्यांना आठवत होतं: चीनने भाव पाडले आणि बाहेरचे कारखाने बुडाले. उसाला एफआरपी बांधून मागणाऱ्या, शिंगणापूरच्या नेवासे तालुक्याला यातलं गणित समजायला वेळ लागणार नाही. आपल्या योजनेत अनुदान आहे, किमान भाव नाही.

दरम्यान चीनने 9 ऑक्टोबर 2025 ला निर्बंध आणखी वाढवले आणि ट्रम्प आणि शी जिनपिंग यांच्या भेटीनंतर ही वाढीव कलमं वर्षभरासाठी स्थगित केली. एप्रिलची सात मूलद्रव्यं परवान्याखालीच राहिली. स्थगिती ठरली 10 नोव्हेंबर 2026 पर्यंत, म्हणजे ऐन दिवाळीत. ती वाढली तर चाकणच्या खरेदी विभागाला स्वस्त चिनी चुंबक सोडून महाग देशी चुंबकाची वाट पाहायचं काही कारण उरणार नाही. संपली, तर देशी कारखान्याचा पाया खणून व्हायच्या आत पुन्हा तेच कागद दिल्लीतल्या वकिलातीत घेऊन जावं लागेल.